पाच हजारांच्या आतली काठी

गेल्या भाऊबीजेला जेवणं आटोपल्यावर भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर सात फुटी काळी काठी होती, मुठीच्या खाली पिस्तुलासारखा चाप, आणि वर नाव, 'बास कास्टिंग रॉड'. "मामा, तू इतकी वर्षं माशांची पुस्तकं चाळतोस. पाच हजारांच्या आत यातली कोणती घेऊ ते सांग." हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत काठ्यांची रांग लागली होती. दिसायला सगळ्या सारख्याच.

मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही, इतिहासाचाही नाही. नोकरी हिशेबनिसाची केली, आणि उरलेला वेळ ग्रंथालयांत व नदीकाठी घालवला. भाच्याला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. नंतरच्या काही महिन्यांत जे वाचलं आणि हाताळून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

पहिला प्रश्न असा की, पुण्यातल्या मुलाला बासची काठी हवीच कशाला? बास हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला. मुळा-मुठेशी त्याचा संबंध नाही. पण आपल्याकडे त्याचा स्वभावबंधू आहे, तो म्हणजे मरळ. दोघंही पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतात. बेडूक, छोटा मासा, जे वरून जाईल त्यावर झडप घालतात आणि घाव बसला की थेट गवतात घुसतात. म्हणून अमेरिकेत बाससाठी जो रबरी बेडूक बनला तो आपल्या तलावांत मरळीला तंतोतंत लागू पडला, आणि त्याच्या मागोमाग काठीही आली.

मरळीची पुण्यातली नोंद जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनभर फिरला. पुढे लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. त्यातली गंमत नावांत आहे. भोयांच्या तोंडून ऐकलेली मराठी नावं त्याने जशीच्या तशी शास्त्रीय नावांत घातली. नकट्या तोंडाच्या माशाला 'नुक्ता', शिंगटीला 'सीन्गटी', आणि आपल्या महाशीरला 'खुद्री'. मुळा-मुठेच्या पाण्यातला हा महाशीर आजही जगभर याच नावाने ओळखला जातो. मरळीला मात्र त्याने लॅटिन नाव दिलं, 'पांढऱ्या ठिपक्यांची' अशा अर्थाचं, आणि तेच नेमकं टिकलं नाही. कारण फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात याच जातीला 'मारुलियस' म्हणून ठेवलं होतं. साइक्सने भोयांचं ऐकून मरळच लिहिलं असतं, तरी हॅमिल्टनच्याच दारात जाऊन पोचला असता.

साइक्स नमुने गोळा करणारा होता, गळ टाकून बसणारा नव्हे. आपल्या बाजूला गळाच्या खेळावर सविस्तर लिहिणारा राजा मात्र त्याच्या सातशे वर्षं आधी होऊन गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' मराठी अभ्यासकांना माहीत आहे तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणता चारा, गळ, दोर, काठी यांचा त्यात विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते शास्त्रज्ञांपुढे आणलं. राजाला किमतीची चिंता नसणार. पण कोणत्या माशाला कोणतं साधन हा त्याचा प्रश्न आणि माझ्या भाच्याचा प्रश्न एकच आहे.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न पैशांशी जोडला गेला. मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सुलिव्हन थॉमसने १८७३ साली मंगळूरहून 'द रॉड इन इंडिया' काढलं. हिंदुस्थानात गळ टाकणाऱ्या साहेबांचा तो पहिला वाटाड्या. १८९१ साली मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाली, आणि विलायती सामान आगगाडीने पुण्याच्या लष्करात पोचणं सोपं झालं. खडकवासल्याचं धरण त्याआधीच, १८७९ साली, पुरं झालं होतं. पाणी होतं, मासे होते, सुट्टीचे दिवस होते. काठी कोणती घ्यायची एवढंच ठरवायचं.

विलायती काठ्यांत तेव्हा मानाची होती चिरलेल्या बांबूची. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढायच्या, टोकाकडे निमुळत्या तासायच्या आणि सरसाने चिकटवून एक षटकोनी काठी करायची. पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिपी या बंदूक बनवणाऱ्याने १८४५च्या सुमारास हा मार्ग दाखवला, आणि मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने पुढे त्याचा कारखाना केला. आता मला सर्वांत जास्त थबकवणारी गोष्ट. हा बांबू अमेरिकेत 'कलकत्ता केन' म्हणून विकला जायचा, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जायचा. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत. तो म्हणजे आपला भरीव बांबू. इंग्रज त्याला 'नर बांबू' म्हणत आणि घोडदळाच्या भाल्यांना वापरत. पोलिसाची लाठी त्याचीच. विदर्भात त्याला मानवेल म्हणतात आणि मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत तो रानोमाळ आहे.

म्हणजे आपल्या लाठीचा बांबू सातासमुद्रापार गेला, चिरला गेला, आणि अनेक पट किमतीने परत हिंदुस्थानात साहेबाच्या हाती आला. आणि आला तो इथल्या हवेला घाबरत. प्राण्यांच्या हाडाकातड्याचा सरस दमट उष्णतेत मऊ पडतो. तो सुटला तर पट्ट्या उकलू नयेत म्हणून रेशमी दोऱ्याची आवळणी जवळजवळ घालावी लागे. शेजारी भोयाचं पोर सबंध बांबू घेऊन बसलेलं असे. त्याच्या काठीत चिकटवलेलं काही नव्हतंच, मग सुटणार काय?

आता कास्टिंग काठीकडे येतो, कारण साहेबाची महाशीरची काठी आणि ही काठी वेगळी. केंटकीतल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत त्याने रिळाला घड्याळाची चाकं लावली, त्यामुळे मुठीच्या एका फेऱ्यात रीळ अनेकदा फिरू लागलं. हे रीळ काठीच्या वर बसतं. फेकताना ते स्वतः गरगरतं आणि अंगठ्याने त्याला आवरायचं असतं. अंगठा चुकला की दोऱ्याचं घरटं होतं. पण ताकद सरळ रेषेत येते, म्हणून गवतातून मासा ओढून काढायला याच्यासारखं दुसरं नाही. १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी बासवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात यासाठी सव्वाआठ फुटी हलकी काठी सुचवली. पुढे शिकागोकडच्या लोकांनी ती सहा फुटांवर आणली.

लांबीचा लंबक नंतर परत फिरला. कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचा गडी लांबलचक काठीला तोकडा दोरा बांधून लव्हाळ्यात आमिष वरखाली करायचा. स्पर्धकांनी हरकत घेतली, काठीच्या लांबीवर मर्यादा आली, तेव्हा त्याने तीच युक्ती साडेसात फुटांत बसवली आणि १९७५ साली बुल शोल्स तलावावरची मोठी स्पर्धा जिंकली. हे वाचताना मला हसू आलं. लांब बांबू, हातभर दोरा आणि जिवंत बेडूक घेऊन मरळीला डिवचणारी माणसं आपल्या गावोगावच्या तळ्यांवर आहेत. त्यांना कोणी बक्षीस दिलेलं नाही.

दरम्यान काठीचा देहच बदलला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन बांबूने आपल्या बांबूला बाजारातून उठवलं. दुसऱ्या महायुद्धात तोही मिळेना. आर्थर हॉवाल्ड या रसायनज्ञाची बांबूची काठी मोडली आणि त्याने ती काचतंतूंनी सांधली, अशी हकीगत सांगतात. त्यातून १९४७च्या सुमारास शेक्सपिअर कंपनीची काचतंतूची काठी आली. मग कार्बन. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात आणि जपानमध्ये कार्बनतंतूवर काम झालं ते विमानांसाठी. १९७०नंतर तीन-चार वर्षांतच जपानी आयु माशाच्या काठ्या आणि अमेरिकेत फेनविकच्या काठ्या त्याच्या बनू लागल्या.

हा इतिहास कळल्यावर किमतींची रांग वाचता येऊ लागली. काठीवर '२४ टन', '३० टन', '४० टन' असे आकडे असतात. तो तंतूच्या ताठपणाचा आकडा आहे, मजबुतीचा नव्हे. तंतू जितका ताठ, तितका काठीचा पत्रा पातळ ठेवता येतो आणि ती हलकी होते. पण अशी काठी दगडावर आपटली, मोटारसायकलवर दुसऱ्या गाडीला घासली, की तिला न दिसणारी चीर जाते आणि पुढच्या मोठ्या झटक्याला ती फटकन मोडते. महाग काठीत पैसे जातात ते हलकेपणासाठी आणि हाताला लागणाऱ्या बारीक कंपासाठी. तळाशी आमिष सरकवत दिवसभर शेकडो वेळा फेकणाऱ्या स्पर्धकाला दोन्हींचं मोल आहे. मरळीचं तसं नाही. रबरी बेडूक पाण्याच्या वर असतो. घाव डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. कंप हाताला कळला नाही तरी काही बिघडत नाही. उलट घाव पडताच झटका देणारा फसतो, मरळीने बेडूक तोंडात नीट घेईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं.

मग अगदी स्वस्तातली का नको? हा धडा मी पैसे देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आठशे रुपयांची काठी आणली. तिसऱ्याच रविवारी शेंड्याच्या कडीतली चिनीमातीची चकती निखळली. उरलेल्या धातूच्या कडेने दोरा कापला आणि मासा बेडकासकट गेला. दोष मासळीचा नव्हता. स्वस्त काठीत पैसे वाचवले जातात ते कड्यांत आणि रीळ बसवायच्या खोबणीत. तेव्हापासून दुकानात जाताना खिशात कापसाचा बोळा ठेवतो. प्रत्येक कडीतून तो फिरवायचा. धागा अडकला की कडीला चीर आहे असं समजावं. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघतात, बघू देत.

म्हणून भाच्यासाठी मी जे ठरवलं ते असं. २४ टनांच्या आसपासचा कार्बन, बुडाशी थोडा काचतंतू मिसळलेला. लांबी सात फूट. ताकद 'मीडियम हेवी', कारण गवतातून मासा उपटायचा आहे, आणि वाक शेंड्याकडे, म्हणजे हलका बेडूकही लांब जातो. काठीवर छापलेल्या आमिषाच्या वजनात आपला बेडूक बसतो का ते पाहायचं. एकसंध काठी उत्तम म्हणतात, पण सिंहगड रस्त्यावर मोटारसायकलवरून सात फूट उभे धरून जाणाऱ्याने ते म्हणावं! दोन तुकड्यांचीच घ्यावी. अशी काठी तीन ते पाच हजारांत बसली. उरलेले पैसे रिळाला आणि ब्रेडेड दोऱ्याला. एक सूचना मात्र तिच्या किमतीत धरलेली नसते. कार्बनमधून वीज वाहते. उच्चदाबाच्या तारांखाली, किंवा वळवाचं आभाळ गडगडत असताना, ती उभी धरू नये. बांबूवाल्यांना निदान सुक्या काठीपुरती ही काळजी नव्हती.

तलाव बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा रीतसर परवानगी काढून आषाढात आम्ही एका तळ्यावर गेलो. भाच्याचा अंगठा बऱ्यापैकी बसला होता. तासाभराने पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक पुंजका दिसला, थाळीएवढा, वरखाली होणारा. त्याने बेडूक फेकायला हात मागे नेला. काठावर जाळं विणत बसलेले एक वयस्कर भोई होते, ते तिथूनच म्हणाले, "पोरं हायेत तिची. ती खालीच असंल."

मरळीचे आईबाप पिल्लांचा थवा राखत त्याच्याखाली फिरतात. वरून काही पडलं तर भूक नसतानाही चवताळून घेतात. ही गोष्ट गळकऱ्यांना ठाऊक आहे, आणि लाल पुंजका दिसला की नेम तिथेच धरणारे पुष्कळ आहेत. राखण करणारी जोडी गेली की थवा इतर माशांच्या पोटात जातो. अमेरिकेत बासचा नर असाच घरट्यावर पहारा देतो, आणि त्याला तिथे पकडावं की नाही यावर तिथले गळकरी अजून भांडतात. आपल्याकडे भांडणसुद्धा नाही. साइक्सच्या पाण्यातला महाशीर आपल्या डोळ्यांदेखत पुण्याच्या नदीतून दिसेनासा झाला. देहूच्या डोहात देवाच्या नावाने राखला म्हणून तिथे उरला. मरळीला कोणाचा डोह नाही.

भाच्याने हात खाली घेतला. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे पुंजका नव्हता, तिथे दुपारपर्यंत फेकत राहिला. दोनदा दोऱ्याचं घरटं झालं, एकदा बाभळीत बेडूक अडकला. मासा मिळाला नाही. भोईबाबांनी काठी हातात घेऊन वाकवून पाहिली, कड्या मोजल्या, किंमत विचारली. आकडा ऐकल्यावर त्यांनी ती जपून परत दिली आणि विचारलं, "बांबू न्हाई का ह्यो?"

श्रावण लागला तसं बहिणीने घरात मासे बंद केले आणि काठी दोन तुकडे करून माळ्यावर टाकली. दसऱ्याला उतरवली तेव्हा मी बोळा फिरवून बघितला. कड्या शाबूत आहेत.