समरधुरंधर ते गोम्मटराय : सेनापती चामुंडराय

जैन समाज म्हणजे व्यापारी समाज, तलवारीशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न आजही सहजपणे विचारला जातो. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर उभी असलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती घडविणारा पुरुष हा पेशाने सेनापती होता, एवढे सांगितले तरी या प्रश्नाचे उत्तर मिळते.

ब्रह्मक्षत्र कुळात जन्मलेले चामुंडराय तलकाडच्या गंग राजघराण्याच्या सेवेत होते. राजा मारसिंहाच्या काळात त्यांनी अनेक रणांगणे गाजविली. खेडगच्या युद्धात वज्वलदेवाचा पराभव केला म्हणून ‘समरधुरंधर’, गोनूरच्या मैदानावर नोळंबांशी लढले म्हणून ‘वीरमार्तंड’, उच्छंगीच्या किल्ल्यातील पराक्रमाबद्दल ‘रणरंगसिंग’ अशा पदव्या त्यांना मिळाल्या. या पदव्या भाटांच्या तोंडची पोकळ स्तुती नव्हे. प्रत्येकीमागे एकेक लढाई आहे.

त्यांची खरी कसोटी मात्र पुढेच लागली. इ. स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथविली. गंग घराणे राष्ट्रकूटांचे मांडलिक आणि आप्त. त्यांचाही आधार तुटला. पुढे लवकरच मारसिंहाने राज्यत्याग करून बंकापूर येथे अजितसेन आचार्यांच्या सान्निध्यात सल्लेखना घेतली. गादीसाठी बंडाळी माजली. पांचालदेव आणि मुडुराचय्य यांनी उचल खाल्ली. याच मुडुराचय्याच्या हातून चामुंडरायांचे बंधू नागवर्मा मारले गेले होते. चामुंडरायांनी बंडखोरांचा बीमोड केला आणि राचमल्लास गादीवर बसविले. हाती सैन्य, समोर रिकामे सिंहासन. अशा वेळी स्वतः राजा होण्याचा मोह किती सेनापतींना आवरला असेल? चामुंडराय मंत्रीच राहिले. रणांगणातील विजयापेक्षा हा विजय मोठा मानावा लागेल.

अहिंसाव्रती श्रावकाने शस्त्र कसे धरावे, ही शंका येथे येतेच. आपल्या आचारशास्त्रात संकल्पी हिंसा श्रावकास सर्वथा वर्ज्य आहे; परंतु राज्याच्या व प्रजेच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थास पूर्णपणे टाळता येत नाही. मुनिधर्म वेगळा, श्रावकधर्म वेगळा. थट्टेतही असत्य न बोलणारे म्हणून चामुंडरायांना ‘सत्ययुधिष्ठिर’ही म्हणत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

त्यांनी इ. स. ९७८ मध्ये कन्नड गद्यात त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे लिहिली. ‘चारित्रसार’ हा संस्कृत ग्रंथही त्यांचाच. कवी रन्न यास त्यांनी आश्रय दिला. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी ‘गोम्मटसार’ रचला तो त्यांच्यासाठीच. चामुंडरायांचेच घरगुती नाव ‘गोम्मट’ होते व त्यावरून मूर्तीस ‘गोम्मटेश्वर’ म्हणू लागले, असे प्रतिपादन डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी केले आहे.

मूर्तीची प्रतिष्ठा इ. स. ९८१ च्या सुमारास झाली, असे सामान्यतः मानतात. मातेच्या, काललदेवींच्या इच्छेखातर ती घडविली, अशी परंपरा आहे. चंद्रगिरीवरील चामुंडराय बसदीचा वरचा मजला पुढे पुत्र जिनदेवण याने बांधला.

मूर्तीच्या पायाशी कन्नड व तमिळबरोबर मराठीतही लेख कोरला आहे : ‘श्रीचामुंडराजें करवियलें’. हा मराठीचा आद्य शिलालेख म्हणून दीर्घकाळ शिकविला गेला. हे अक्षर होयसळ सेनापती गंगराजाच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, कोरले असावे, असे काही विद्वान म्हणतात. आणि अक्षी येथील शके ९३४ चा लेख आता त्याहून जुना मानला जातो. हा गंगराजही जैन सेनापतीच होता, आणि मूर्तीभोवतीचा प्राकार त्याने बांधविल्याची नोंदही तेथेच मराठीत आहे.