आधी ऊब, मग भूल

१५ जून १९१६. तुम्ही अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर आहात, दोन उपड्या घातलेल्या होड्यांखाली. होड्यांच्या आडव्या फळ्या हाच माळा. तिथे पालथे पडून तुम्ही खाली बघताय. चरबीच्या धुराने डोळे चुरचुरतायत. एरवी या अंधाऱ्या खोपटात २२ माणसं एकमेकांच्या अंगावर राहतात. आज चालू शकणाऱ्या बहुतेकांना बाहेरच्या गारठ्यात धाडलंय.

खाली खोक्यांवर ब्लॅकबोरो निजलाय. ब्यूनस आयर्सला शॅकलटनच्या मोहिमेच्या 'एन्ड्युरन्स' जहाजावर लपून चढलेला कोवळा पोरगा. जहाज गमावल्यावर एप्रिलमध्ये उघड्या होड्यांतून इथे येताना त्याचे पाय गोठले. डाव्या पायाची बोटं आता काळी पडलीत. गँग्रीन वर सरकायच्या आत ती काढायला हवीत.

मोहिमेचे डॉक्टर दोन: मॅकिलरॉय कापणार, मॅक्लिन भूल देणार. मॅक्लिनला तुम्ही बर्फावर कुत्र्यांची गाडी हाकतानाही पाहिलंय. अशा मोहिमेत नुसती डॉक्टरकी करून कुणाचं भागत नाही.

क्लोरोफॉर्म आहे, पण थोडंच. आणि या थंडीत त्याची पुरेशी वाफच होत नाही. वाफ नाही तर भूल नाही. म्हणून छायाचित्रकार हर्ली चुलीत पेंग्विनची कातडी टाकतोय, एकामागून एक. भुलीसाठी क्लोरोफॉर्मऐवजी चटकन पेट घेणारं इथर असतं, तर ही आग त्याच्या जवळपासही चालली नसती. हत्यारं उकळतायत ती रोजच्या रश्श्याच्या भांड्यात. हळूहळू होड्यांच्या पोटात ऊब साचते. पारा २६ अंशांवर जातो. दोघे डॉक्टर अंगावरचे मळके कपडे उतरवून आतल्या बनियनवर येतात. कित्येक महिन्यांत तुम्हाला अशी ऊब मिळालेली नाही, आणि ती अशा वेळी मिळावी याची तुम्हाला लाज वाटते.

मॅक्लिन फडक्यावर थेंब सोडतो, पोराशी हलक्या आवाजात बोलत राहतो. पोराचा श्वास संथ होतो. मॅकिलरॉय मान डोलावतो.

मग बराच वेळ कुणी बोलत नाही. मॅकिलरॉयचा हात घाई करत नाही. आधी कातडी मागे सोलायची, मग हाड, मग पुढचं बोट. खाली ठेवलेल्या रिकाम्या डब्यात प्रत्येक बोट टणकन पडतं. तुम्ही पाच आवाज मोजता. बाजूला उभा असलेला वाइल्ड, मदत आणायला गेलेल्या शॅकलटनच्या माघारी या सगळ्यांचा म्होरक्या, नजर हलवत नाही. तुम्हाला मात्र मध्येच तोंड फिरवावं लागतं.

५५ मिनिटं. कातडी ओढून टाके घातले जातात, पट्टी बांधली जाते. बाहेर कुडकुडणारे आत येतात.

ब्लॅकबोरो कण्हतो, डोळे उघडतो, डॉक्टरांकडे बघून हसतो आणि सिगारेट मागतो. मॅकिलरॉय एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचं एक पान फाडतो, त्यात तंबाखू भरतो, आणि सुरळी वळून त्याच्या हातात देतो.