परड्याचा इतिहास कुणाच्या वहीत?



सध्या आपल्या गटांच्या बैठकीत परसबागेचा विषय वारंवार निघतो. उमेद अभियानातून गावोगाव पोषण परसबागा होताहेत, बियाण्यांची पाकिटं येताहेत, वाफे कसे आखायचे ते शिकवलं जातंय. चांगलंच आहे. पण आपल्या मालवण, वेंगुर्ला, देवगड भागात परसबाग ही काही नवी गोष्ट नाही. आपण तिला परडं म्हणतो. म्हणून आज परड्याचा इतिहास सांगते. तो कळला, तर नवं परडं आखताना कुणाचं ऐकायचं हेही कळेल.

आधी आपली जमीन आणि पाऊस बघा. जिल्ह्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली जांभा दगड. पाणी धो धो येतं आणि तसंच निघून जातं. मार्चनंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो. चार महिने पाणी आवरत नाही आणि चार महिने पुरत नाही, अशा जागी घराभोवती बारमाही हिरवं राखायचं, हा आपल्या आज्या-पणज्यांपुढचा प्रश्न होता.

त्यांनी काढलेलं उत्तर जुन्या घरांच्या मागीलदारी अजून दिसतं. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथे अळू आणि केळ. भांडी घासायच्या दगडाशी माड. विहिरीच्या थळाशी विड्याची वेल. तोंडली, पडवळ, दोडकी मांडवावर. गडग्याच्या कडेने अडुळसा आणि निरगुडी, कारण त्यांना गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला, सांधेदुखीला पाला हाताशी राहतो. सावलीत हळद, आलं, सुरण. झाडावर चढवलेली मिरी. थोडं लांब रातांबा, फणस, ओवळीचं झाड. समुद्राकडच्या बाजूला उंडी, जी खारा वारा सोसते आणि जिच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. खाली पडलेला पातेरा झाडांच्या आळ्यातच जिरायचा. घरात एकदा वापरलेलं पाणी परड्यात पुन्हा वापरलं जाई. आराखडा कागदावर कधीच नव्हता. सुनेने सासूकडून पाहून घेतला आणि तिच्या सुनेने तिच्याकडून.

कागदावर लिहिलं ते दुसऱ्यांनी. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ गोव्यातच छापला. भारतात छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात एक फळ येतं : आतून रक्तासारखं लाल, चवीला फार आंबट, रंगाऱ्यांच्या कामाचं, साल वाळवून ठेवण्याजोगं. त्याचं नाव त्याने ‘ब्रिंडाँव’ असं दिलंय. ओळखलंत ना? आपलं भिरंड. म्हणजेच रातांबा, कोकम. साडेचारशे वर्षांपूर्वी त्या वैद्याने आपल्याच शब्दावर पोर्तुगीज टोपी चढवली.

त्या पुस्तकात एक बाईही आहे. अंतोनिया नावाची, वैद्याच्या घरातली दासी. बोलता बोलता तो तिला हाक मारतो आणि ती पाला, फळ आणून समोर ठेवते. पुस्तक वैद्याच्या नावाने जगभर गेलं. झाड नेमकं ओळखून आणणाऱ्या हातांचं मात्र एवढं एक नाव उरलं. पुढे १६७८ ते १६९३ या काळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापून घेतला. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचं नाव आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी भाषक वैद्यांचं नागरी लिपीतलं निवेदनही आहे. ते योग्यच झालं. पण रोजच्या जेवणात आणि बाळंतिणीच्या काढ्यात तीच झाडं वापरणाऱ्या बायकांना विचारून वेगळा खंड कुणी केला नाही.

आता कुणी म्हणेल, मग परड्यात फक्त इथलीच झाडं हवीत, बाहेरचं सगळं उपटून टाका. इतिहास तसं सांगत नाही. बांगड्याचं तिखलं डोळ्यांसमोर आणा. त्यातलं तिरफळ आणि कोकमाचं सोल सह्याद्रीचं. मिरची मात्र अमेरिकेची. पोर्तुगिजांच्या जहाजातून आली. त्याआधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलं करायचं. काजू, पेरू, पपई, अननस, रताळं हीसुद्धा त्याच वाटेने आलेली पाहुणी मंडळी. आपल्या बायकांनी प्रत्येकाला परड्यात जागा देऊन पाहिलं : घरच्या पाण्यावर जगतं का, पोराबाळांच्या पोटात जातं का, शेजारच्या झाडाला मारत नाही ना. जे टिकलं ते घरचं झालं.

पाहुणी सगळीच अशी नसतात. घाणेरी, म्हणजे टणटणी, अमेरिकेतलीच. १८०९ च्या सुमारास ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली, फुलं सुंदर दिसतात म्हणून. आज ती देशभरच्या रानांत पसरली आहे. आपल्याकडची रानमोडीही अशीच परदेशी. ती वाढते तिथे खाली गवत उरत नाही आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. अलीकडचं उदाहरण कोनोकार्पसचं. भरभर वाढतं, हिरवंगार दिसतं, म्हणून शहरांत रस्तोरस्ती लावलं. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तेव्हा नर्सरीवाला ‘काही करावं लागत नाही, आपोआप वाढतं’ म्हणाला, तर आधी विचारा : खायला काय देतं? पक्षी, मधमाश्या येतात का? मुळं विहिरीच्या दिशेने जातात का?

आणखी एक वळण आपल्या डोळ्यांदेखत आलं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कातळावर, डोंगरउतारावर हापूसची आणि वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं उभी राहिली. घरात पैसा आला, हे खरंच आहे. पण पैसा देणारं ते मोठं आणि बाकीचं किरकोळ, असाही हिशेब सुरू झाला. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत आंबा, काजू, माड येतात. न्हाणीमागचं अळू, करांदे, तिरफळ येत नाहीत. घर वाढवताना, रस्ता करताना पहिली कुऱ्हाड पडते ती ज्याची नोंद नाही त्याच्यावर. उंडी गेली, ओवळी गेली, जुना रातांबा गेला, तरी कुणाच्या हिशेबात तूट दिसली नाही. तूट दिसली ती घरातल्या बाईला. सोलं विकत आणायची वेळ आली.

आणि याच किरकोळ झाडांना बाहेर केवढी किंमत आहे पाहा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रातांब्याच्या सालीची सोलं, रसाचं आगळ, बियांचं भिरंडेल : टाकाऊ असं त्यात जवळजवळ काही नाही, आणि हे सगळं काम बायकांच्या हातचं. वेंगुर्ला तालुक्यात आरवली-आसोलीच्या बाजूला सुरंगीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कितीतरी घरांत कळ्यांचा पैसा येतो. सुरंगीही इथलीच; तिला कुणी कीटकनाशक मारत नाही.

म्हणून नवं परडं आखताना जुनी रीत पुढे ठेवा. पहिल्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते पाहा. न्हाणीचं पाणी कुठे सोडायचं ते ठरवूनच वाफे आखा. वाऱ्याच्या बाजूला उंच झाडं, घरालगत रोजची भाजी, सावलीत कंद, कडेला औषधी वई. रातांबा लावायचा तर त्याला सुमारे ६ मीटर जागा सोडा. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघू शकतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. एखादंच झाड लावायला जागा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ जातीचं कलम घ्या. ‘कोकण अमृता’ लवकर तयार होते, म्हणजे पाऊस यायच्या आत सोलं वाळतात. पाकिटातलं बी जरूर पेरा, पण घरचा वाल, चवळी, भेंडी, पडवळ यांचं बी राखेत घालून ठेवायचं सोडू नका. संकरित भाजीचं बी पुढच्या वर्षी तसंच येईल याची खात्री नसते, घरच्याचं येतं.

बियांचं म्हणाल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाणांचं बी जमवलं, जपलं, बायकांच्या गटांपर्यंत पोहोचवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुरुवात घरच्या परसातूनच केली होती.

आता आपल्या गटासाठी एक काम. आपल्याकडे हजेरीची, बचतीची, कर्जाची, ठरावाची वही असते. त्यात आणखी एक वही घालू या : परड्याची. प्रत्येक सभासदाने आपल्या परड्यातली झाडं लिहायची. नाव आपल्या बोलीतलं. कुणी लावलं, कुठून आणलं, कशाला वापरतो, बी कधी धरायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, लिहिणारीने लिहायचं आणि सांगणारीचं नाव आधी घालायचं. सुरुवात गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा, तीही या महिन्याच्या बैठकीतच. पुढच्या पावसाच्या आधी ज्या घरी जे नाही ते दुसऱ्या घरून रोप किंवा बी देऊन पुरं करायचं.

अंतोनियाचं नाव एका परक्या वैद्याच्या पुस्तकात उरलं. तुमच्या सासूबाईंचं, आज्येचं नाव कुठे उरणार, ते तुमच्या हातात आहे.