माथेरानचा डोंगर आणि माणसाचा खांदा

डोंगरावर माणसांनीं हौसेनें जावें आणि तरीही डोंगर डोंगरच राहावा, या दोन इच्छा एकत्र कशा नांदतील, हा प्रश्न आज पुष्कळांना पडतो. मुंबईच्या शेजारींच असलेल्या माथेरानचा इतिहास या बाबतींत बराच बोलका आहे.

१८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गांवाच्या बाजूनें हा डोंगर चढले. त्यांनीं माथेरान शोधून काढलें असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु धनगर, ठाकूर आणि कातकरी यांना तें कधींच हरवलेलें नव्हतें. मॅलेटसाहेबांनीं तेथें घर बांधलें, पुढें गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची कृपादृष्टि तिकडे वळली आणि झाडींत बंगले दिसूं लागले. १९०७ सालीं आदमजी पीरभाई यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी वर नेली. सुमारें २१ किलोमीटरांची ती वळणावळणांची वाट डोंगर फोडून नव्हे, तर त्याच्या अंगाअंगानें चढते.

मोटार मात्र दस्तुरी नाक्याशीं थांबते. गांवांत मोटारींना मज्जाव ही रीत जुनीच. २००३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हां तिला नवें बळ मिळालें. महाबळेश्वर-पांचगणीलाही २००१ सालीं असेंच संरक्षण लाभलें. पण तेथें मोटार थेट बाजारांत जाते आणि सुटीच्या दिवशीं घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात. मोटार आली कीं रुंद रस्ता हवा, गाड्या उभ्या करण्यास जागा हवी. त्यासाठीं उतार कापावा लागतो, आणि मोकळी झालेली माती पहिल्याच पावसाळ्यांत दरीचा रस्ता धरते.

येवढ्यावरून पायीं चालण्याचा नियम सर्वगुणसंपन्न, असा निर्वाळा देणें सोपें आहे. परंतु ज्या नियमानें झाडें वांचलीं, त्याचें ओझें कोणी वाहिलें? पाहुण्यांचें सामान हमालांच्या डोक्यावरून गेलें, आणि ज्यांना चालवत नव्हतें त्यांना माणसांनीं हातरिक्षांत बसवून चढावर ओढलें. वनरक्षणाच्या जमाखर्चांत या घामाची नोंद बहुधा नसते. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला; रिक्षा ओढणाऱ्यांच्या हातीं विजेवर चालणारी रिक्षा भाड्यानें देण्याची योजना करावी, असेंही सांगितलें.

कांहींना भय वाटतें कीं विजेच्या रिक्षेमागून उद्यां मोटारही येईल. हें भय निराधार नाहीं. फट रुंदावण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून त्या रिक्षांची संख्या मोजकी असावी, त्या ठराविक वाटेवरच चालाव्यात, आणि त्यांवर पहिला हक्क आजारी, वृद्ध व शाळकरी मुलांचा असावा. आपण धडधाकट पाहुण्यांनीं चालावें, आपलें ओझें शक्य तितकें आपण वाहावें आणि वर नेलेला कचरा खालीं आणावा. डोंगर राखण्याचें मोल तेथील गरिबाच्या खांद्यावरून वसूल करणें यापुढें शोभणारें नाहीं. त्याचा कांहीं भाग आपल्या पायांनींही दिला पाहिजे.