नक्कल, अस्सल आणि ध्वनिफीत : संगीत नाटकातील पहिले आणि दुसरे

जुन्या मराठी नाटकमंडळ्यांच्या परिभाषेत ‘नक्कल’ या शब्दाला एक खास अर्थ होता. नटाच्या वाट्याची भाषणे आणि पदे ज्या कागदांवर उतरवून दिली जात, त्या कागदांना ‘नक्कल’ म्हणत. ‘नक्कल पाठ झाली का?’ हा तालीममास्तरांचा नेहमीचा प्रश्न असे. याच शब्दाचा दुसरा, व्यवहारात अधिक रूढ असलेला अर्थ म्हणजे अनुकरण, हुबेहूब उतरवणे. नवी भूमिका घेणाऱ्या नटाच्या हाती आपण नक्कल देतो आणि मग त्याने नक्कल केली म्हणून त्याला नावे ठेवतो, यातील विसंगती आमच्या फार उशिरा लक्षात आली.

इंग्रजी रंगभूमीवर ‘अंडरस्टडी’ नावाची एक रीतसर व्यवस्था आहे. मुख्य नटाची भूमिका पाठ करून, रोज अन्य एखादे किरकोळ काम करीत, तो आजारी पडण्याची वाट पाहणारा (की न पडो अशी प्रार्थना करणारा?) हा नट असतो. १९५४ साली ‘द पजामा गेम’ या संगीतिकेत कॅरोल हेनी जायबंदी झाली, तेव्हा तिच्या जागी उभी राहिलेली शर्ली मॅक्लेन एका निर्मात्याच्या नजरेस पडली आणि चित्रपटात गेली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’सारखी संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८८ पासून २०२३ पर्यंत चालली आणि तिचे १३,९८१ प्रयोग झाले. या आकड्यामागे एक नव्हे, नटांच्या कित्येक पिढ्या आहेत. तेथे भूमिका ही नटापेक्षा मोठी, निदान नटापेक्षा दीर्घायुषी मानली जाते.

आपल्याकडे अंडरस्टडीला प्रतिशब्दच नाही. ‘बदली नट’ म्हणतात, पण त्यात एक कमीपणाची छटा आहे. अलीकडे ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात, त्यात तीही नाही, नुसता व्यवहार आहे. शब्द नाही याचे कारण व्यवस्था नव्हती हे असावे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. हा प्रसंग आपण कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगत आलो आहोत आणि तो तसा आहेही. परंतु भामिनीची पदे बसवलेला दुसरा नट मंडळीत तयार असता, तर त्या पित्यापुढे निदान एक पर्याय असता, हेही त्या प्रसंगातून वाचता येते. ते आम्ही कुणी वाचल्याचे पाहिलेले नाही.

हा विषय निघाला त्याला निमित्त ‘कट्यार काळजात घुसली’चे. आम्ही माहुलला राहणारी माणसे. खाडी, कोळीवाडा आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांच्यामधल्या या टोकाला नाट्यगृह नाही. नाटक पाहायचे तर दादरला शिवाजी मंदिरला किंवा मुलुंडला कालिदासला जायचे, आणि शेवटची बस सापडेल की नाही याचा घोर तिसऱ्या अंकात बाळगायचा. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांना ‘कट्यार’ आधी भेटली ती ध्वनिफितीतून. पुढे २०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले, राहुल देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत आले, आणि आमच्यात जो वाद झाला तो आजतागायत मिटलेला नाही. ‘वसंतरावांची सर नाही’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही वसंतराव देशपांडे यांना त्या भूमिकेत रंगमंचावर पाहिलेले नव्हते. आम्हीही त्याच माळेतले. मग तुलना नेमकी कशाची कशाशी चालली होती?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ च्या नोव्हेंबरात प्रथम तीन अंकी स्वरूपात रंगभूमीवर आले आणि पुढील वर्षी पूर्ण झाले. भाऊराव कोल्हटकर त्याची सुभद्रा झाले. बडोद्याहून अण्णासाहेबांनी उचलून आणलेला हा तरुण पल्लेदार, चढ्या आणि धारदार आवाजाचा होता. शंभराच्या आसपास पदे असलेल्या त्या नाटकात साकी, दिंडी, लावणी, कीर्तन अशा सर्व वळणांच्या चाली होत्या. पद आले, झपाट्याने गायले गेले, कथा पुढे सरकली, असा तो मामला. पुढे भाऊराव पुरुष भूमिकांकडे वळले, १८९९ च्या ‘शारदा’त कोदंड झाले आणि १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा मंडळीत आला आणि भाऊरावांनी गाजवलेल्या शकुंतला, सुभद्रा या भूमिका त्याच्याकडे आल्या.

बालगंधर्व हे एका अर्थाने भाऊरावांचे बदली नट होते, हे वाक्य आज उच्चारणेही कानाला विचित्र लागते. पण १९०५ च्या प्रेक्षकाला ते तसेच दिसत असणार. भाऊरावांना ऐकलेली माणसे पुढच्या रांगांत बसलेली होती. भाऊरावांचा तडफदार वेग बालगंधर्वांकडे नव्हता. त्यांच्याकडे गोलाई होती, लडिवाळपणा होता, पद आळवण्याची ओढ होती. दोन गळ्यांत इतके अंतर असूनही नव्या सुभद्रेचा निभाव लागला. बालगंधर्वांची थोरवी हे त्याचे एक कारण उघडच आहे. दुसरे कारण अगदी यांत्रिक आहे, आणि आमच्या मते तेही तेवढेच महत्त्वाचे आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो १९०२ साली. भाऊराव त्याच्या आदल्या वर्षीच गेले. त्यांचा आवाज केवळ ऐकणाऱ्यांच्या स्मरणात उरला. स्मरण माणसाबरोबर म्हातारे होते आणि त्याच्याबरोबर जाते. नव्या नटाला प्रतिस्पर्धी होता तो एक दंतकथा, आणि दंतकथेशी बरोबरी करता येत नसली तरी शेजारी शेजारी ठेवून पाहताही येत नाही.

‘मानापमान’मधील धैर्यधराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. ते गेल्यानंतर मंडळीतील कुरबुरी वाढल्या, १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि तेथे स्वतः गोविंदराव धैर्यधर झाले. नाटकाच्या चाली त्यांच्याच. रचनाकारानेच बदली नट व्हावे, असा हा विरळा योग. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. दोन मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर आले, म्हणून त्या रात्रीचे वर्णन आपण ‘जुगलबंदी’ म्हणून करतो. एरवी ती एका चालत्या नाटकात एका रात्रीपुरती झालेली बदलीच होती. पण येणारा नट केशवरावांच्या तोलाचा असला की ‘बदली’ हा शब्द कुणाला सुचत नाही. नंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले.

आणि मग दीनानाथ मंगेशकर. बालगंधर्व सोडून गेल्यावर पोकळी भरण्यासाठी किर्लोस्कर मंडळीने ज्या गाणाऱ्या पोराला आणले तो हा. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा आरंभच मुळी बदलीने झाला. १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली आणि पुढे धैर्यधराची भूमिका केली, ती गोविंदरावांच्या काही चाली बाजूला सारून, स्वतःच्या गळ्याला मानवतील अशा चालींत. मूळ रचनेशी ही प्रतारणा होती काय? शुद्धतावाद्यांना तसे वाटले तर नवल नाही. गोविंदरावांची रचना साधीसुधी नव्हे, तिचा स्वतःचा डौल आहे, आणि दीनानाथांच्या झपाट्यात तो काही ठिकाणी हरवतो असे आम्हालाही वाटते. पण दीनानाथांच्या तबकड्या निघाल्या, आणि पुढच्या पिढीच्या कानात धैर्यधर म्हणून बसला तो त्यांचाच आवाज. जोगळेकरांचे नाव आज नाट्येतिहासाच्या विद्यार्थ्याखेरीज कुणाला ठाऊक आहे? येथे ‘मूळ’ नट पुसला गेला आणि तिसरा-चौथा नट ‘मूळ’ होऊन बसला. मूळपण हे कालक्रमाने मिळत नाही, मुद्रणाने मिळते, असे म्हणावेसे वाटते.

बालगंधर्वांच्या बाबतीत तबकडीने आणखी एक गंमत केली. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत घेत ते एकेक पद लांबवीत, तेच पद तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत कोंबावे लागे. पुढे ज्यांनी त्यांचे अनुकरण केले, त्यांतल्या कितीकांनी या आखूड गाण्याचे अनुकरण केले. याला सन्माननीय अपवाद आहेत. जयमालाबाई शिलेदार यांनी बालगंधर्वांना जवळून ऐकले, त्यांच्याकडून घेतले, आणि जयराम शिलेदार व पुढे कन्या कीर्ती यांच्यासह ‘सौभद्र’ आणि इतर जुनी नाटके कित्येक दशके रंगभूमीवर टिकवून धरली. पुरुषाने घडवलेली स्त्रीभूमिका स्त्रीने त्याच्याकडून शिकून करायची, हा बदलीचा सर्वांत चमत्कारिक प्रकार. त्याचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा.

आता ‘कट्यार’कडे वळू. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक नाट्यसंपदेने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. बालपणी दीनानाथांच्या गाण्याने भारून गेलेला, लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केलेला आणि ठराविक साच्यात बसत नाही म्हणून मैफलीच्या जगाने बराच काळ दूर ठेवलेला हा गवय्या. खाँसाहेबांची सल त्याला मुद्दाम आणावी लागली नसेल. त्याच्या गाण्याचा स्वभावच असा, की काल घेतलेली जागा आज येईलच याची खात्री नाही. ज्या ज्येष्ठांनी ‘कट्यार’ अनेकदा पाहिले, ते प्रत्येक प्रयोगाचे वेगळेपण आवर्जून सांगतात.

आमच्याजवळची ध्वनिफीत मात्र रोज तेच गाते. शेकडो रात्रींपैकी तिने एक पकडली, किंबहुना तीही नाही, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले एक गाणे पकडले आणि त्याला अस्सल ठरवले. २०१० मध्ये आम्ही नाट्यगृहात बसून ज्या तानेची वाट पाहत होतो आणि जी आली नाही म्हणून खट्टू झालो, ती तान वसंतरावांनी स्वतः प्रत्येक प्रयोगात घेतली असती काय? स्वतःच्या मुद्रिकेशी ताडून पाहिले असते तर वसंतरावही आम्हाला बदली नट वाटले असते.

राहुल देशपांडे यांची अडचण आमच्याहून वेगळी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ३० जुलै १९८३ रोजी आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. त्यालाही खाँसाहेब भेटले ते बहुतांशी फितीतूनच. घरातला वारसा म्हणावा, तर तो आपल्यासारख्या कोणाही श्रोत्याला मिळाला त्याच वाटेने आला. भूमिकेत त्यांचा आवाज आजोबांपेक्षा कोवळा लागतो. ज्या ठिकाणी वसंतराव ओरखडा उमटवतात, तेथे ते रंग भरतात. पहिल्या अंकातील खाँसाहेबांचा जळफळाट आम्हाला त्यामुळे थोडा फिका वाटला, आणि अखेरचे वितळणे मात्र अधिक विश्वसनीय. २०२२ च्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात तर त्यांनी खुद्द आजोबांचीच भूमिका केली. २०१५ च्या ‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेब दिसतात ते सचिन पिळगावकर, म्हणजे तेथे भूमिकेचे शरीर एकीकडे आणि गळा दुसरीकडे अशी वाटणी झाली. रंगमंचावर ती सवलत नसते.

याच्या उलट उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चे. १६ डिसेंबर १९७२ पासून १९९२ पर्यंत चाललेल्या या नाटकात भास्कर चंदावरकरांचे संगीत आहे, नाच आहे, पण गाणे एका गळ्याच्या मालकीचे नाही. ते ब्राह्मणांच्या त्या झुलत्या भिंतीचे आहे. भिंतीतील माणूस बदलला तरी भिंत उभी राहते. पहिला घाशीराम रमेश टिळेकर. १९७६ च्या चित्रपटात ओम पुरी. मोहन आगाशे यांचा नाना मात्र दोन्हीकडे. या नाटकाच्या बाबतीत ‘मूळ संचाची सर नाही’ ही तक्रार आम्ही क्वचितच ऐकली, आणि ऐकली तेव्हा ती नानांपुरती होती.

‘कट्यार’चा विषयच मुळी हा आहे. विद्या शिकवता येते, कला शिकवता येत नाही, हा त्यातला गाजलेला विचार. सदाशिव चोरून ऐकतो, आत्मसात करतो, पकडला जातो. खाँसाहेबांचा संताप असतो तो आपले गाणे परक्या गळ्यातून आल्याचा. नाटकात एकच पद दोन निराळ्या चालींत येते, एकदा पंडितजींच्या घराण्याच्या अंगाने आणि एकदा खाँसाहेबांच्या. दोन्ही मुद्रित आहेत, दोन्ही लोकप्रिय आहेत, आणि त्यांपैकी अस्सल कोणती यावरून आमच्या मंडळीत आजवर कुणी भांडलेले नाही. तसेच प्रसाद सावकारांच्या सदाशिवाच्या मोजपट्टीने महेश काळे यांच्या सदाशिवाला कुणी कमीअधिक ठरवल्याचेही आठवत नाही. परवा पुन्हा वाद निघाला तेव्हा आम्ही हे सुचवून पाहिले. कपाटातून फीत निघाली, सुई-दोरा शोधावा तशी जुनी टेपही शोधून काढली. पण सावकारांची बाजू लावावी असे कुणीच म्हणाले नाही. पुन्हा खाँसाहेबच लागले.