लेझी बोन्स!! (आल्बम)

लेझी बोन्स!! हा झांबिया या देशातील विच या रॉक वाद्यवृंदाचा १९७५ साली प्रकाशित झालेला तिसरा आल्बम होय. ‘झामरॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झांबियन रॉक संगीतातील ही एक महत्त्वाची कृती मानली जाते. मूळ तबकड्या थोड्याच निघाल्यामुळे व पुढे वाद्यवृंदाचे स्वरूप पालटल्यामुळे हा आल्बम अनेक वर्षे विस्मृतीत गेला होता. एकविसाव्या शतकात त्याचे पुनर्प्रकाशन झाल्यावर तो जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. आल्बमच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘आळशी माणूस’ असा आहे.

पार्श्वभूमी

झांबिया हा देश २४ ऑक्टोबर १९६४ रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला आणि केनेथ काउंडा हे त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देशाच्या निर्यातीचा फार मोठा भाग तांब्याचा होता. उत्तरेकडील तांब्याच्या खाणींचा प्रदेश कॉपरबेल्ट म्हणून ओळखला जातो. किट्वे, न्डोला व चिंगोला ही तेथील प्रमुख शहरे आहेत. १९६९ साली शासनाने खाणींतील ५१ टक्के मालकी स्वतःकडे घेण्याचे धोरण जाहीर केले. तांब्याला चांगला भाव असेतोपर्यंत या शहरांतील कामगारांच्या हाती नियमित वेतन येत असे. त्या वेतनाच्या आधारावर तेथे करमणुकीची सभागृहे, क्लब आणि वाद्यवृंद उभे राहिले.

या शहरांतील तरुण रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स, जेम्स ब्राउन, डीप पर्पल आदींचे संगीत ऐकत वाढले. प्रारंभी स्थानिक वाद्यवृंद याच कलावंतांची गाणी सादर करीत. झांबियाच्या नभोवाणीवर वाजणाऱ्या संगीतापैकी ९५ टक्के संगीत देशी असावे, असा आदेश काउंडा यांनी काढला. त्यामुळे स्वतःची गाणी रचणाऱ्या वाद्यवृंदांना नभोवाणीचे दार खुले झाले. या आदेशाचा अर्थ तरुण वादकांनी आपल्या परीने लावला. त्यांनी विद्युत गिटार टाकून दिली नाही, तर तिच्यावर झांबियन अनुभवाची गाणी बसवली. या संगीताला झामरॉक हे नाव देण्याचे श्रेय सामान्यतः नभोवाणी निवेदक मनासे फिरी यांना दिले जाते.

वाद्यवृंद

विच हे नाव ‘वुई इन्टेन्ड टू कॉज हॅवॉक’ या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. ‘हाहाकार माजवण्याचा आमचा इरादा आहे’ असा त्याचा अर्थ होतो. मुख्य गायक इमॅन्युएल चांडा (जन्म १९५१) हे जगारी या टोपणनावाने प्रसिद्ध आहेत. रोलिंग स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांच्या आडनावाला आफ्रिकी वळण देऊन हे नाव तयार झाले. वाद्यवृंदाच्या ख्यातनाम संचात जगारी यांच्यासह पुढील कलावंत होते :

ख्रिस म्बेवे – मुख्य गिटार
जॉन मुमा – ताल गिटार
गिडियन मुलेंगा – बेस गिटार
पॉल मुंबा – कीबोर्ड
बॉइडी सिंकाला – ड्रम

लेझी बोन्स!!च्या पूर्वी विचचे ‘इंट्रोडक्शन’ (१९७३) आणि ‘इन द पास्ट’ (१९७४) हे आल्बम निघाले होते. इंट्रोडक्शन हा झांबियातील आरंभीच्या दीर्घवादन तबकड्यांपैकी एक होय. लेझी बोन्स!!नंतर ‘लुकोम्बो व्हाइब्ज’ (१९७६) आणि ‘इन्क्लुडिंग जॅनेट’ (१९७७) हे आल्बम प्रकाशित झाले.

संगीताचे स्वरूप

पहिल्या दोन आल्बमांत ऑर्गनचा नाद ठळक आहे. लेझी बोन्स!!मध्ये मात्र गिटार पुढे आलेली दिसते. ‘फझ’ या उपकरणाने गिटारचा स्वर जाणीवपूर्वक खरखरीत व विस्कटलेला केला जातो, तर पायाने दाबायच्या ‘वाह-वाह’ पेडलने त्याच स्वराला बोलक्या तोंडासारखा उघडमीट होणारा आकार येतो. आल्बममध्ये या दोन्हींचा मुबलक वापर आहे. सायकेडेलिक रॉकची ही परिचित साधने असली, तरी त्यांखालचा बेस व ड्रमचा ताल नृत्याला अनुकूल, फंक संगीताच्या जवळचा आहे. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांत श्रोत्यांना नाचते ठेवण्याची जबाबदारी वाद्यवृंदावर असे व तिचा ठसा या रचनांवर उमटलेला आहे.

आल्बममधील गीते इंग्रजीत आहेत. इंग्रजी ही झांबियाची राजभाषा असून अनेक भाषिक समूहांच्या खाणशहरांत ती सर्वांना समजणारी भाषा होती. पुढील काळात विच व इतर झामरॉक वाद्यवृंदांनी बेंबा व न्यांजा या भाषांतूनही गीते केली. नाचते संगीत आणि उदास आशय यांचा मेळ हे आल्बमचे वैशिष्ट्य होय. ‘ब्लॅक टिअर्स’, म्हणजे ‘काळे अश्रू’, या पहिल्याच गीताच्या शीर्षकातून त्याची कल्पना येते.

गीतसूची

१. ब्लॅक टिअर्स
२. मदरलेस चाइल्ड
३. टूथ फॅक्टरी
४. स्ट्रेंज ड्रीम
५. लुक आउट
६. हॅवॉक
७. ऑक्टोबर नाइट
८. ऑफ मा बूट्स
९. लेझी बोन्स
१०. लिटल क्लाउन

झामरॉकचा ऱ्हास

आल्बम प्रकाशित झाला त्या सुमारास झांबियाची अर्थव्यवस्था घसरणीला लागली होती. एप्रिल १९७४ मध्ये तांब्याच्या जागतिक भावाने उच्चांक गाठला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निम्म्याहूनही खाली आला. त्याआधीच १९७३ मध्ये ऱ्होडेशियाशी असलेली सीमा बंद झाल्याने मालवाहतूक महागली होती व तेलसंकटाने त्यात भर टाकली. खाणीचे वेतन आटले, तसे तिकिटे व तबकड्या विकत घेणारे श्रोतेही कमी झाले.

झांबियाने शेजारील देशांतील स्वातंत्र्यलढ्यांना आश्रय दिला होता. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ऱ्होडेशियाच्या सैन्याने झांबियाच्या हद्दीत हल्ले केले. संचारबंदी व दिवे मालवण्याचे आदेश यांमुळे रात्रीचे कार्यक्रम अशक्य होऊन ते दिवसा करावे लागले. याच काळात डिस्को संगीताची चलती सुरू झाली. जगारी यांनी वाद्यवृंद सोडून अध्यापनाचा मार्ग पत्करला व लुसाका येथील एव्हलिन होन महाविद्यालयात संगीत शिकवले. पुढे ते रत्नांच्या खाणकामाकडे वळले. नव्या संचासह विच वाद्यवृंद डिस्कोकडे झुकला आणि ऐंशीच्या दशकात थंडावला. त्यानंतर आलेल्या एड्सच्या साथीत झामरॉकचे अनेक कलावंत दगावले. विचच्या ख्यातनाम संचापैकी जगारी हेच हयात राहिले.

पुनर्प्रकाशन

मूळ तबकड्या दुर्मीळ झाल्याने संग्राहकांच्या बाजारात त्यांना मोठी किंमत येऊ लागली. जुन्या तबकडीच्या अशा विक्रीतून पैसा विक्रेत्याला मिळतो, कलावंताला नाही. पुनर्प्रकाशन कलावंताला शोधून व रीतसर करार करून झाले, तर मानधन आणि श्रेय दोन्ही त्याच्याकडे जाऊ शकते. आफ्रिकेतील जुन्या संगीताच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथील बरेच संगीत कलावंतांच्या नकळत परदेशांत पुन्हा छापले गेले आहे.

अमेरिकेतील नाउ-अगेन रेकॉर्ड्स या संस्थेने जगारी यांच्या सहभागाने २०१२ साली ‘वुई इन्टेन्ड टू कॉज हॅवॉक!’ हा संच प्रसिद्ध केला. त्यात लेझी बोन्स!!सह सत्तरच्या दशकातील पाचही आल्बम एकत्र आले. याच संस्थेचे ‘वेलकम टू झामरॉक!’ हे दोन भागांतील संकलन २०१७ साली निघाले.

वारसा

पुनर्प्रकाशनानंतर जगारी यांना परदेशांतून निमंत्रणे येऊ लागली. युरोपीय तरुण वादक आणि ऐंशीच्या दशकातील संचातील कीबोर्डवादक पॅट्रिक म्वॉन्डेला यांच्या साथीने विच पुन्हा रंगमंचावर आला. जगारी यांचा शोध व वाद्यवृंदाचे पुनरुज्जीवन हा विषय जिओ आर्लोट्टा दिग्दर्शित २०१९ सालच्या माहितीपटात हाताळला आहे. २०२३ साली विचचा ‘झांगो’ हा नवा आल्बम प्रसिद्ध झाला. १९८४ सालच्या ‘कुओम्बोका’नंतर सुमारे चार दशकांनी आलेला हा आल्बम लुसाका येथे ध्वनिमुद्रित झाला.

झामरॉकचा प्रभाव आता नव्या संगीतातही दिसतो. अमेरिकन रॅप गायक टायलर, द क्रिएटर यांनी २०२४ सालच्या ‘नॉइड’ या गीतात विचच्या समकालीन न्गोझी फॅमिली या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाचा अंश वापरला आहे.