वर्दीची कुळकथा

साष्टी बेटाच्या ज्या उत्तर टोकाशी घोडबंदर वसले आहे, तेथील किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यासह साष्टीत पाय रोवला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहनाम्याने ती त्यांच्याकडे कायम झाली. परंतु निशाण कोणाचेही फडकत असो, गावात काही विपरीत घडले असता त्यातील किती गावाने आपसांत मिटवावे आणि किती सरकारच्या कानी घालावे, हा प्रश्न प्रत्येक अंमलदारापुढे तसाच उभा राहिला. आणि वर्दी देण्याच्या चालीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

मराठी अमलात याचे उत्तर कागदावर फारसे नव्हते, पण व्यवहारात ते चोख होते. तंटा उद्भवला म्हणजे पाटलाने प्रथम उभयतांस बसवून समजूत घालावी, ती न पटल्यास पंच नेमावे, पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा वादी-प्रतिवादींनी आधीच लिहून द्यावा, आणि एवढ्यानेही न भागले तरच फिर्याद मामलेदाराकडे न्यावी, अशी ही पायरीपायरीची व्यवस्था होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात तिचे साक्षेपाने वर्णन आहे. वर जाणे फुकटही नव्हते. निवाडा झाला की जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई, म्हणजे न्याय कोणाचाही होवो, सरकारची झोळी रिकामी जात नसे. या वसुलीला लोभ म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. मात्र भावकीतल्या धुसफुशीपायी कचेरीचा उंबरठा झिजविणाऱ्यांना तिने पुष्कळसा आळा घातला असावा, असे मला वाटते.

चोरी, दरोडा आणि खून यांची गोष्ट निराळी. तेथे समजुतीला वाव नसे आणि बातमी दडविणे हाच दोष ठरे. देशावर चोराचा माग काढीत जागल्या शिवेपर्यंत जाई आणि तो माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला तर जबाबदारीही त्या गावाच्या गळ्यात पडे. साहजिकच जे गाव वेळेवर बोलत नसे त्याला चोरीच्या मालाची भरपाई अंगावर येण्याची धास्ती असे.

इंग्रजांनी या चालीला कायद्याचा साचा दिला तो १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने. गावातील गुन्हेगारीची आणि आरोग्याची स्थिती मॅजिस्ट्रेटला कळवीत राहणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य ठरले; कोणी अकस्मात वा अनैसर्गिक रीतीने मेले, किंवा प्रेत सापडले, तर गावातील वा शेजारच्या दोन किंवा अधिक जाणत्या माणसांना तत्काळ जमवून त्याने चौकशी करावी आणि कागद वर धाडावा, असे ठरले. परंतु त्याच कायद्याने किरकोळ मारहाण आणि शिवीगाळ यांचा निकाल पाटलाच्या हाती ठेवला आणि अपराध्याला चोवीस तासांपर्यंत चावडीत कोंडण्याची मुभाही दिली. हे कलम मला सर्वांत बोलके वाटते. एखाद्याने भर चौकात दुसऱ्याच्या बापाचा उद्धार केला म्हणून जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने घोड्यावर खोगीर चढवावयाचे नाही, आणि विहिरीत प्रेत तरंगताना पाटलाने आपल्या अकलेवर विसंबून राहावयाचे नाही, एवढा विवेक त्या रुक्ष कायद्यात होता.

१९६७ साली महाराष्ट्राने आपला स्वतंत्र ग्रामपोलीस अधिनियम केला. वंशपरंपरेच्या मुलकी पाटीलकीवर त्याआधीच, १९६२ च्या कायद्याने, पाणी सोडले गेले होते. पोलीस पाटील मात्र नेमणुकीचा होऊन टिकला. घोडबंदरची वस्ती पुढे मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत गेली, २०२० च्या ऑक्टोबरात मिरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय उभे राहिले, आणि रस्त्याच्या दुतर्फा इमारती उठल्या. चावडीची जागा सोसायटीच्या कार्यालयाने घेतली आणि वर्दी आता ११२ क्रमांकावर दिली जाते.

पायऱ्या मात्र पुसल्या गेल्या नाहीत. ठाण्यातला हवालदार आजही दखलपात्र आणि अदखलपात्र असा भेद करतो. पहिल्या प्रकारात तपास लगेच सुरू होतो, दुसऱ्यात नोंद करून फिर्यादीला न्यायालयाची वाट दाखविली जाते, आणि वरच्या मजल्यावरून टपकणाऱ्या पाण्यासाठी आलेला गृहस्थ ही वाट ऐकून संतापतो. त्याचा संताप मला समजतो, तरी मी हवालदाराच्या बाजूचा आहे. प्रत्येक रागाला ठाण्याने धावावे असे झाले तर खऱ्या आकांताच्या वेळी धावावयास कोणी उरणार नाही. उलट, खून-दरोड्यासारख्या अपराधाची माहिती असूनही गप्प बसणाऱ्याला १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील एकोणचाळिसाव्या कलमाने ती तत्काळ कळविण्यास बांधले होते, आणि सबळ कारण असल्यास ते सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच टाकला होता.

खोट्या वर्दीचाही बंदोबस्त जुनाच. निरपराध्याला छळण्यासाठी सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेने सहा महिन्यांपर्यंतची कैद सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच मर्यादा एक वर्षावर गेली आहे.